तू बस, मी करते

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मला आठवावंही लागणार नाही. "तू बस, मी करते." हे आईचं वाक्य. मी ताटं घ्यायला उठले की ती ते म्हणायची, कुणी पाहुणा आपला कप उचलून बेसिनकडे निघाला की म्हणायची, आणि बाबांनी चहाचं आधण ठेवायला भांडं हातात घेतलं की जरा मोठ्यानं म्हणायची. बाबा आइंडहोवनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होते. दिवसभर तंदूरपुढे उभं राहून ते अनोळखी लोकांना जेवू घालत, आणि घरी आल्यावर स्वतःच्या चहात साखर घालून घ्यायची त्यांना मुभा नव्हती. "सरकारनं मला स्वयंपाकी म्हणून इथं यायची परवानगी दिली," ते म्हणायचे, "तुझ्या आईनं अजून दिलेली नाही." आई हसायची, पण गॅससमोरून हलायची नाही.

आम्ही आइंडहोवनला लागून असलेल्या फेल्डहोवन गावात राहायचो, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ओळीत. स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं आणि त्याच्या खिडकीतून सायकलींची शेड दिसायची. मला जाग यायची ती आईच्या पोळपाटाच्या आवाजानं. त्याचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे लाटणं पुढे गेलं की टक्, मागे आलं की टक्. मग कुकरची शिट्टी. शेजारच्या डच बाईंनी पहिल्या महिन्यात ती शिट्टी ऐकून दार वाजवलं होतं, सगळं ठीक आहे ना विचारायला. आईनं त्यांना आत बसवून उपमा खायला घातला आणि पुढे कधी त्या आल्या नाहीत, पण भिंतीपलीकडून त्यांचा रेडिओ मात्र कुकरच्या वेळी जरा मोठा व्हायचा. आई डबे करायची. गावात चिपची यंत्रं बनवणारी मोठी कंपनी आहे, तिथे पुण्या-मुंबईकडून आलेले पुष्कळ मराठी इंजिनिअर. त्यातल्या ज्यांची कुटुंबं अजून आली नव्हती त्यांना आणि आलेली असूनही ज्यांच्या घरी दोघंही नोकरी करत त्यांना आईचा डबा जायचा. दोन भाज्या, आमटी, भात आणि पोळ्या. संध्याकाळी मी ते सायकलच्या मागच्या दोन मोठ्या पिशव्यांतून पोचवायचे. ती एकच गोष्ट आई मला करू द्यायची, कारण तिला सायकल येत नव्हती.

त्या वर्षाबद्दल लिहायचं तर अडचण अशी आहे की तेव्हा मला फारसं काही वाटत नव्हतं. थंडीत हातमोजे न घालता सायकल चालवली की बोटं आधी दुखतात आणि मग दुखायची थांबतात. माझं विद्यापीठातलं पहिलं वर्ष हे त्या दुखायचं थांबलेल्या बोटांसारखं गेलं. सगळं पकडता येत होतं, ब्रेक दाबता येत होता, फक्त काय पकडलंय ते हाताला कळत नव्हतं.

बाबा दहावी नापास, आई नववीपर्यंत शिकलेली. भोरकडच्या आमच्या दोन्ही घराण्यांत विद्यापीठात पाऊल टाकणारी मी पहिली. शेजारच्या शहरातल्या विद्यापीठात, बिझनेसच्या शाखेत मला प्रवेश मिळाला तेव्हा आईनं सगळ्या डब्यांत शिरा घातला, आणि त्यामुळे सगळ्या डब्यांना ते कळलं. पेंडसेकाकांनाही. पेंडसेकाका कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, एकटे राहायचे. काकू आणि मुलगा पुण्यात होते. डबा घ्यायला ते स्वतः दारात यायचे आणि मागचा डबा घासून, पुसून परत द्यायचे, हे बाकी कुणी करत नसे. त्यांनी मला दारातच विचारलं की पुढचा प्लॅन काय. मी म्हटलं, पास व्हायचं. ते म्हणाले, "पास सगळेच होतात गं. ऑनर्सचं बघ." मला ते काय असतं ठाऊक नव्हतं. मग त्या रविवारी ते लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आले, आईनं त्यांना पोहे दिले, आणि त्यांनी मला समजावलं की बिझनेस स्कूलमध्ये दुसऱ्या वर्षापासून निवडक मुलांसाठी वेगळा वर्ग असतो, तिथून पुढे चांगल्या कंपन्यांची दारं उघडतात, आणि त्यात जायचं तर तयारी पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. एकही विषय राहायला नको. सरासरी दहापैकी साडेसातच्या वर हवी. अर्ज, मुलाखत, आणि सोबत काम केलेल्या मुलांचा तुमच्याबद्दलचा अभिप्राय.

"आपल्याकडे याला उलटं प्लॅनिंग म्हणतात," काका म्हणाले. "मुलाखतीच्या दिवसापासून सुरू करायचं आणि मागे मागे आजपर्यंत यायचं."

आपल्याकडे म्हणजे कंपनीत. बाबांनी रेस्टॉरंटमधून टेबलावर अंथरायच्या पांढऱ्या कागदाचा उरलेला गुंडाळा आणला आणि त्यावर मी काकांनी सांगितलं तसं वर्ष आखलं. उजव्या टोकाला मुलाखत, डावीकडे सप्टेंबर, मध्ये परीक्षा, सबमिशनं, कुठल्या समितीत नाव द्यायचं, कुठल्या प्राध्यापकांना कधी भेटायचं. तो लांबलचक कागद लावायला स्वयंपाकघरात एकच भिंत मोकळी होती आणि तिच्यावर पुण्याहून आलेलं कॅलेंडर होतं. आई म्हणाली, त्याच्यावरूनच लाव. मग ती तिथी बघायला माझं वर्ष वर उचलायची, खाली डोकं घालून बघायची आणि परत सोडायची. पुढे फेब्रुवारीपासून तिनं उचलणं सोडलं. एका संकष्टीला तिनं सकाळीच दोन पोळ्या खाल्ल्या आणि दुपारी बहिणीचा फोन आल्यावर तिला कळलं. ती देवापुढे उभी राहून म्हणाली, "पोरीच्या अभ्यासामुळे झालं, समजून घे." मला ते ऐकू आलं. मी परत वहीत बघितलं.

कागदावर लिहिलेलं मी सगळं केलं. रोज सकाळी अंधारात सायकलनं आइंडहोवन स्टेशन, तिथून गाडी, मग पुन्हा चालत. पहिल्या परीक्षेत मला आठ मिळाले. बरोबरची डच मुलं सहा मिळाले की एकमेकांच्या पाठीवर थाप मारत आणि बिअर प्यायला जात; सहा म्हणजे पास, मग सात कशाला, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. आईला आठ सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे ऐंशी टक्के. आणि वीस कुठं गेले?" मी सांगितलं की इथे दहा कुणालाच मिळत नाहीत, नऊही क्वचितच. ती म्हणाली, "असं कसं, कुणाला तरी मिळत असतील." डब्याच्या फेरीत सगळ्या दारांत विचारणा व्हायची, काय मग, ऑनर्सचं कुठवर आलं. ही चौकशी प्रेमाचीच होती, पण मी डबेवाल्या ताईंची मुलगी होते आणि ते सगळे मास्टर्स झालेले होते, त्यामुळे मी कुणाच्या तरी वतीनं परीक्षा देते आहे असं मला वाटायचं. कुणाच्या, ते मला नीट सांगता आलं नसतं. आताही येत नाही.

हिवाळ्यात आईचं उजवं मनगट दुखायला लागलं. आमच्याकडे दुखणं कुठलंही असो, आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे वस्तीतल्या ठरलेल्या डॉक्टरकडे जावं लागतं, आणि हाउसआर्ट्स पॅरासिटामॉल सांगतो. यावर फेल्डहोवनच्या मराठी मंडळींचे सगळे विनोद आधारलेले आहेत. मी दुभाषी म्हणून सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून बघितलं, पॅरासिटामॉल सांगितलं, पट्टा दिला, आणि विचारलं की घरात मदत कोण करतं. मी ते आईला मराठीत विचारलं. आई म्हणाली, "मदत कशाला लागते? माझं माझं होतं की." मी डॉक्टरांना डचमध्ये सांगितलं की आम्ही सगळे मदत करतो. त्या म्हणाल्या, छान. घरी येताना बसमध्ये आईनं विचारलं की इतकं लांबलचक काय सांगत होतीस. मी म्हटलं, तेच, तू म्हणालीस ते.

वसंतात ग्रुप प्रोजेक्ट आलं. काकांच्या प्लॅनमध्ये त्याच्याभोवती लाल चौकट होती, कारण याच विषयातल्या सोबत्यांचे अभिप्राय ऑनर्सच्या अर्जाला जोडले जाणार होते. चौघांचा गट: मी, फेम्के नावाची उंच, सावकाश बोलणारी मुलगी, आणि योरिस व टाइस हे दोघे मित्र, जे कायम एकाच वेळी उशिरा यायचे. एखाद्या छोट्या दुकानाचा अभ्यास करून त्याला सल्ला द्यायचा असं काम होतं. फेम्केच्या गावात एक जुनं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, ते तिनं सुचवलं. कामाचे चार भाग पडले. लिहायचं ते सगळ्यांनी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं दिसतं.

सबमिशनच्या आदल्या दिवशी मी पहाटे उठले. आई पोळपाटाशी होती, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. टक्, टक्. योरिसचा भाग अर्ध्या पानाचा होता. टाइसनं आकडे दिले होते पण त्यांचा अर्थ सांगितला नव्हता. फेम्केचा भाग लांब होता आणि त्यात पुस्तकातला एकही शब्द नव्हता. दुकानाबाहेर एक स्टूल असतं, एक पंप असतो, लोक स्वतःच पंक्चर काढत बसतात, असलं काहीतरी. मी ते वाचलं आणि पुसत गेले. आठ-साडेआठ मिळवून देईल असं सगळं लिहिलं: ग्राहकांचे गट, स्पर्धक, सल्ला. मला त्यांचा राग आला नव्हता, हे मला नक्की आठवतं. उलट मला कसंसं शांत वाटत होतं, भांडी घासून झाल्यावर ओटा पुसताना वाटतं तसं. सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, सगळं झालंय, तुम्ही काही करू नका. योरिस आणि टाइसनी अंगठे पाठवले. फेम्केनं काही पाठवलं नाही. आईनं लाटता लाटता विचारलं की काय इतकं टाइप करतेस. मी म्हटलं, दुसऱ्यांचं पण मीच करून टाकलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "सांगत बसण्यापेक्षा आपलं आपण केलेलं बरं."

आम्हाला साडेआठ मिळाले. त्या आठवड्यात ज्याचे त्याचे अभिप्राय भरायचे होते. मी तिघांनाही आठ-आठ दिले, फेम्केनं मन लावून काम केलं असं लिहिलं. ती मला कँटीनमध्ये भेटायला आली. इथली माणसं तोंडावर बोलतात हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. पण तोवर माझ्या तोंडावर कुणी बोलायची वेळ आली नव्हती. तिनं घरून आणलेलं चीजचं सँडविच काढलं, पिशवी नीट घडी करून ठेवली, आणि म्हणाली की तुझ्याबद्दल मी काय लिहिलंय ते तू दुसरीकडून वाचण्याआधी मीच सांगते.

"मी तुला चार दिलेत."

मी विचारलं, का.

"तू माझा भाग पुसलास."

"सुधारला. मार्क चांगले मिळाले ना?"

"मी दोन दुपारी त्या माणसाच्या दुकानात बसले होते," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "फाइलच्या इतिहासात दिसतं, कुणी काय कधी पुसलं ते. सव्वापाचला. तू एकदा विचारायचंस तरी. आम्ही तिघं तुझ्या घरी आलेले पाहुणे नाही आहोत."

पाहुणे हा शब्द तिनं सहज वापरला असणार. तिला आमचं घर माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं की मला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. त्यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखी, आणि म्हणाली, पण ते माझंच काम होतं. मग तिनं सँडविच खाल्लं. मीही माझा डबा उघडला आणि, हे लिहायला आज लाज वाटते, तिच्यापुढे पोळीभाजी सरकवली. ती नको म्हणाली. मी पुन्हा आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली आणि उठून गेली.

मुलाखत एका काचेच्या खोलीत झाली. एक प्राध्यापिका होत्या आणि ऑनर्सच्या वर्गातला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. काकांनी मला चाळीसएक प्रश्न काढून दिले होते आणि मला सगळ्यांची उत्तरं पाठ होती. सरासरी उत्तम आहे, प्राध्यापिका म्हणाल्या. पत्रही नीट आहे. मग त्यांनी अभिप्रायाचा कागद पुढे घेतला, पण चारचा विषय काढला नाही. त्यांनी इतकंच विचारलं, "तुझ्या गटातल्या फेम्केच्या भागात दुकानाबद्दल काय होतं? तुला त्यातून काय मिळालं?"

मला आठवेना. मी तो भाग वाचला होता, ओळ न् ओळ, पण पुसायला काय आहे ते बघत वाचला होता. स्टूल होतं एवढं आठवत होतं. स्टूल का होतं ते नाही. मी म्हटलं, "तो भाग नीट लिहिलेला नव्हता, म्हणून मी परत लिहिला." त्या मुलानं काहीतरी टिपून घेतलं. प्राध्यापिका थांबल्या, मला आणखी काही म्हणायचंय का बघायला. खोलीबाहेरून मुलं जात होती, त्यांचे आवाज काचेतून येत नव्हते. मला घाम आला नाही, छातीत धडधडलं नाही. मी विचार करत होते की प्लॅनच्या कागदाचं उजवं टोक इथे संपतं, याच्यापुढे मी काहीच लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, बरं, धन्यवाद, आणि दार उघडून धरलं.

नाही म्हणून ईमेल आलं ते शुक्रवारी दुपारी. मी ते दोनदा वाचलं. मग सगळ्यात आधी, का कुणास ठाऊक, ती जुनी फाइल उघडली आणि इतिहासात मागे गेले, माझ्या सव्वापाचच्या आधी. फेम्केचं लिखाण तसंच होतं, पुसलेल्या ओळी लाल रंगात. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. दुकानाचा मालक म्हातारा होता. पंक्चर घेऊन कुणी आलं की तो त्याला स्टुलावर बसवायचा, हातात हत्यार द्यायचा आणि शेजारी नुसता उभा राहायचा. तिनं लिहिलं होतं की यात त्याचा वेळ जातो, ते काम तो स्वतः पाच मिनिटांत करू शकेल, पण त्या गावातली माणसं नवीन सायकल घ्यायची वेळ आली की दुसरीकडे कुठेही जात नाहीत. कारण तिनं विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही. पुढे एक ओळ होती की आम्हालाही अजून सांगता येत नाही, गटात यावर बोलायला हवं. मी त्याच ओळीपासून पुसायला सुरुवात केली होती.

आज मी हूफडॉर्पला एका ऑफिसात काम करते, माझ्या हाताखाली काही माणसं आहेत, आणि कुणी मला अर्धवट काम आणून दिलं की माझे हात अजून त्या कागदाकडे आपोआप जातात. ते मागे घ्यायला अजून लक्ष द्यावं लागतं. फेम्केला मी त्या दिवशी लिहिलं की तुझा भाग मी आज वाचला, चांगला आहे. तिनं उत्तर दिलं, धन्यवाद. एवढंच. बरोबर होतं ते.

त्या शुक्रवारी आईला सांगायला खाली गेले तेव्हा ती संध्याकाळच्या डब्यांच्या पोळ्या करत होती. मनगटाला पट्टा, आणि लाटणं ती डाव्या हातानं रेटत होती, उजव्याचा नुसता आधार देऊन. टक् उशिरा यायचा. मी दारातच सांगितलं की ऑनर्सचं नाही झालं. तिनं पोळी तव्यावर टाकली.

"का?"

"मी दुसऱ्यांना काम करू देत नाही म्हणून."

 पोळी फुगली, तिनं ती उलटली, कडा दाबल्या. मला वाटलं ती रडेल किंवा त्या मुलीला नावं ठेवेल, आणि त्यातलं काहीही झालं तरी मी उभी राहू शकेन याची मला खात्री होती, इतकी मी तेव्हा बधिर होते. मग ती म्हणाली, "मग सांगायचंस ना त्यांना, माझी आई पण नाही करू देत."

तिनं हे गमतीनं म्हटलं होतं. निदान सुरुवात तरी गमतीनं केली होती. म्हणून झाल्यावर तिनं हातातलं उलथनं ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडे बघितलं, माझ्या कागदाकडे. त्याची खालची कडा तेलानं पिवळी झाली होती. ती म्हणाली की हा आता काढायचा का. मी पिना काढल्या. मागे कॅलेंडर अजून फेब्रुवारीवर होतं, तीन महिने कुणी पान उलटलं नव्हतं. मी पानं उलटायला हात पुढे केला तर सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "राहू दे, तू बस, मी..." आणि ती थांबली. तिनं पट्ट्यातलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मी करू का पोळ्या?" मी विचारलं.

"तुला येतात?"

"कुठून येणार?"

यावर ती खरंच हसली, नाकातून, थोडंसं. मग ओट्यापासून बाजूला झाली. त्या स्वयंपाकघरात ती कधी दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तिला तिथे नेमकं कुठे उभं राहायचं ते कळेना. मी गोळा घेतला, पीठ लावलं, लाटायला लागले. पोळपाट माझ्या हाताखाली जास्तच डुलत होता. पहिली पोळी एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी झाली. आईचा हात दोनदा माझ्या लाटण्याकडे आला आणि दोनदा अर्ध्या वाटेतून मागे गेला. दुसरी पोळी तव्यावर टाकताना माझा अंगठा तव्याला लागला. चटका बसला. दुखलं, चांगलंच दुखलं, आणि मी अंगठा तोंडात धरून तशीच उभी राहिले, कारण कित्येक महिन्यांत काही इतकं स्पष्ट जाणवलं नव्हतं.

"ही पेंडशांच्या डब्यात घालायची?" मी त्या पोळीकडे बघून विचारलं. एरवी वाकड्या पोळ्या आई घरासाठी बाजूला काढायची. बाहेर कधी जाऊ द्यायची नाही.

"घाल," ती म्हणाली. "खातील."

मग तिनं माझ्या अभ्यासाची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर. मी तिसरी लाटायला घेतली. मागून तिचा आवाज आला, तवा फार तापलाय, गॅस बारीक कर. मी बटणाकडे हात नेला.

"नाहीतर राहू दे," ती म्हणाली. "तुझं तू बघ."